दर पावसाळ्यात बंदुकीचा काळा मुलामा जातो, त्याचं काय करायचं

नारळी पौर्णिमेच्या आसपास पाऊस जरा उघडीप देतो, तेव्हा बागायतदार बंदूक कव्हरातून बाहेर काढतात आणि तक्रार एकच असते: "मुलामा गेला." गेला म्हणजे नक्की काय झालं, हे बघितल्याशिवाय हात लावू नका. मला वर्षानुवर्षं दिसत आलेली लक्षणं अशी:

- नळीचं तोंड, चापाभोवतीची कडी आणि बॉडीच्या कडा चांदीसारख्या पांढऱ्या झाल्यात. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं.
- बंदूक हातात तोलून धरतो त्या जागी तपकिरी डाग, चार बोटांच्या आकाराचे. एका नळीवर अंगठ्याच्या रेषासुद्धा उमटलेल्या होत्या.
- फडक्याला लागणारी केशरी भुकटी.
- काळे बारीक फोड. खरवडले तर खाली खड्डा.
- दुनळी असेल तर दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेने सरळ तांबडी रेघ.
- बॉडीचा रंग जांभळट झालाय, पण पृष्ठभाग कोरडा आणि सपाट आहे.
- कुंद्यावर, म्हणजे खांद्याला टेकवतो त्या मागच्या लाकडावर, पांढरी बुरशी, आणि कुंदा बॉडीला भिडतो तिथलं लाकूड काळं, तेलकट.

यातलं पहिलं आणि जांभळटपणाचं लक्षण हा आजारच नाही. कडा पांढऱ्या होतात त्या हाताळणीने. जांभळटपणा काही पोलादांवर वयामुळेच येतो. दोन्ही ठिकाणी तेलाचा हात फिरवायचा आणि विसरून जायचं. बाकीची लक्षणं खाऱ्या हवेची आणि चुकीच्या ठेवण्याची आहेत, आणि पुढचं सगळं त्यांच्याविषयी.

चौदा वर्षं मी एका परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात बाकावर बसून हेच काम केलं. आता खाडीकाठी कलमं सांभाळतो आणि शेतीरक्षणाच्या परवान्यावर वडिलांची १२ बोअरची दुनळी बाळगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले. रानडुकराचं काय करायचं तेही वनखात्याच्या परवानगीवाचून ठरत नाही. त्यामुळे बहुतेकांची बंदूक वर्षाकाठी वानरांसाठी दोन-चार बार हवेत काढते आणि उरलेले दिवस भिंतीला टेकून असते. वापराने तिचा मुलामा जाईल कसा? तो जातो ठेवण्याने, आणि त्याहून जास्त आपल्या घासण्याने.

हात लावण्याआधी

बंदूक बिजागरीवर वाकवून उघडा. दोन्ही नळ्यांच्या मागच्या तोंडात करंगळी घालून रिकामी आहे याची खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा बघायला लावा. ठासणीची बंदूक, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची, असेल तर बाहेरून काही कळत नाही. आत जुनी दारू ठासलेली असण्याची शंका जरी आली तरी पुढचं काही करू नका. ती भरलेलीच समजा, तोंड माणसांपासून लांब ठेवा आणि कारागिराला विचारा. आजोबांच्या काळची भरलेली ठासणी माळ्यावरून उतरवून आणलेली मी दोनदा पाहिली आहे, आणि दोन्ही वेळा आणणाऱ्याने ती नळीकडूनच धरली होती.

पहिली तपासणी: पांढरं फडकं

जुनं धोतर किंवा बनियन, धुतलेलं आणि पूर्ण कोरडं. नळीवर एकदाच, न दाबता फिरवा. फडकं तांबूस झालं तर गंज जिवंत आहे, आत्ताही खातो आहे. काळं झालं तर जुनं तेल आणि दारूची काजळी. काहीच लागलं नाही आणि तरी नळी पांढुरकी दिसते, तर ती नुसती झीज, आणि तुमचं काम संपलं.

ही तपासणी फुकट आहे आणि तरी कोणी करत नाही. ती महत्त्वाची का, ते सांगतो. बंदुकीवरचा काळा-निळा मुलामा म्हणजे वरून दिलेला रंग नव्हे. तो लोखंडाचाच काळा ऑक्साइड असतो, मॅग्नेटाइट, जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. इतक्या पातळ थरावर प्रत्येक अनावश्यक हात म्हणजे थोडा मुलामा कमी. शिवाय हा थर सच्छिद्र असतो. तो तेल धरून ठेवतो, पण तेलाविना एकट्याने गंज अडवत नाही. 'मुलामा आहे म्हणजे गंजणार नाही' हा समज निदान समुद्रकाठी तरी सोडून द्या.

दुसरी तपासणी: ठेवण्याची जागा

कव्हर काढा आणि आत नाक घाला. कुबट वास आला तर निम्मा गुन्हेगार सापडला. कॅनव्हासचं किंवा रेक्झिनचं कव्हर, आत फोम किंवा लोकर, हे प्रवासापुरतं ठीक. पावसाळ्यात त्यात बंदूक ठेवणं म्हणजे ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवणं. फोम दमट हवा शोषतो आणि नळीला चिकटून बसतो.

चामड्याचं त्याहून वाईट. एक निवृत्त गृहस्थ .३२ चं रिव्हॉल्व्हर घेऊन आले होते, कोल्हापुरी चामड्याच्या म्यानात वर्षभर कपाटात ठेवलेलं. म्यानाच्या शिवणीची रेघ न् रेघ सिलिंडरवर उमटली होती. आपल्याकडे चामडं हिरड्यात, बाभळीच्या सालीत कमावतात. हिरडा आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळी शाई तयार होते, पूर्वी ती तशीच करत. तेच त्या म्यानात चाललं होतं. त्याच सिलिंडरवर गोल फिरणारी एक चकचकीत रेघही होती आणि गृहस्थ तिच्यापायी जास्त हवालदिल झाले होते. ती खटक्याच्या घासण्याने पडते. रिव्हॉल्व्हर वापरातलं असलं की ती बहुतेकदा दिसतेच, तिला काही करायचं नसतं. रेघ रुंद होऊन धातूत चर पडत असेल, तर मात्र आतल्या खटक्याचं वेळापत्रक चुकत असू शकतं. ते पाहणं कारागिराचं काम.

जागेविषयी अजून दोन गोष्टी. बंदूक समुद्राकडच्या भिंतीला नको, आणि चुन्याच्या किंवा जांभ्याच्या उघड्या भिंतीला टेकूनही नको. जांभा पाणी पितो. आणि तोंड वर करून उभी ठेवलीत तर नळीतलं, बॉडीतलं तेल हळूहळू उतरून कुंद्याच्या मानेत मुरतं. वर सांगितलेलं काळं, तेलकट लाकूड ते हेच. अशा लाकडाची ताकद जाते आणि कधीतरी तिथेच तडा जातो. तोंड खाली करून, फडक्याच्या घडीवर टेकवून ठेवा.

आमच्या घरी लाकडी कपाटात जुना झिरोचा पिवळा दिवा जूनपासून लावलेला असतो. नाव झिरोचा असलं तरी तो बारा-पंधरा वॉट ऊब देतो. हवा दोन-तीन अंशांनी गरम झाली की तिचा दमटपणा उतरतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. एलईडी लावून उपयोग नाही, तो तापतच नाही. दिव्याजवळ कापड नको, आणि काडतुसं त्या कपाटात अजिबात नकोत. लोडशेडिंगवाल्यांनी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत शेकायचे. त्या तव्यावर पुन्हा भाकरी भाजू नका. वेगळा तवा ठेवा.

बंदुकीची अजून एक जागा म्हणजे पोलीस ठाणं, निवडणुकीच्या काळात ती तिथे जमा असते. २०२४ साली तर दोनदा निवडणुका झाल्या. मार्चमध्ये आचारसंहिता लागली, बंदुका ठाण्यात जमा झाल्या, निकाल जूनच्या चार तारखेला. म्हणजे ऐन मिरगाच्या तोंडावर त्या घरी आल्या. पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात विधानसभा. जमा करताना माझी पद्धत एकच आहे: नळीला मेणाचा हात आणि आत तेलाचा पातळ थर देऊनच नेतो. तिथे रोज पुसायला कोण बसणार? परत आली की कितीही वाजले असोत, त्याच दिवशी उघडून बघतो.

तिसरी तपासणी: नख

डागावरून नख आडवं ओढा. नख न अडकता सरकलं तर गंज वरवरचा आहे, घरी निघेल. अडकलं तर खड्डा पडला आहे. खड्डा कुठलंही तेल भरून काढत नाही. बाहेरून असलेला उथळ खड्डा म्हणजे फक्त दिसण्याचा प्रश्न. नळीच्या आत किंवा काडतूस बसतं त्या जागी असेल तर तो जिवाचा प्रश्न, तिथे थांबायचं.

चौथी: आधी गोडं पाणी, मग तेल

लोक इथे नाराज होतात. लोखंडाला पाणी? होय. दुकानात असताना सगळ्यात जास्त वेळ मी हे समजावण्यात घालवला आहे.

नळीवर बसलेला मुख्य शत्रू मीठ. वाऱ्याबरोबर येतं, घामातून येतं. आणि मीठ तेलात विरघळत नाही. तुम्ही वरून कितीही तेल चोळा, मीठ त्याच्याखाली जागच्या जागी राहतं. हवेतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत जुलैत काय होतं ते आठवा. रत्नागिरीकडे जून ते सप्टेंबर हवा त्या आकड्याच्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे चार महिने तुमच्या तेलाच्या थराखाली खारट पाण्याचे सूक्ष्म थेंब लोखंडाला चिकटून बसलेले असतात. "दर आठवड्याला तेल लावतो तरी गंजते" म्हणणाऱ्या माणसाची बंदूक अशी तेलाखाली गंजत असते.

करायचं असं. डिस्टिल्ड वॉटर आणा. पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायला मिळतं ते. बाटलीवर नीट वाचा, कारण शेजारीच बॅटरीचं अॅसिडही ठेवलेलं असतं. विहिरीचं पाणी चालेल का, असं सगळे विचारतात. खाडीकाठच्या कितीतरी विहिरी मेपर्यंत मचूळ होतात, आणि मचूळ पाण्याने पुसणं म्हणजे नव्याने मीठ लावणं.

फडकं त्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा, नळी बाहेरून दोनदा पुसा, दर वेळी फडक्याची नवी बाजू. पाणी चापाच्या यंत्रणेत आणि लाकडात जाऊ देऊ नका. नळ्या काढून घेता येत असतील तर काढूनच करा. लगेच कोरड्या फडक्याने पुसा आणि हेअर ड्रायरने हाताला ऊब लागेल इतकी गरम करा. ड्रायर नसेल तर उन्हात अर्धा तास, पण ते ऊन सापडेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. नळी कोमट असतानाच तेल लावा. कोमट धातूवर ते पातळ होऊन त्या सच्छिद्र थरात मुरतं.

तेल कोणतं? शिलाई मशीनचं चालतं, पण पातळ असल्याने ओघळून जातं, पावसाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी लावावं लागतं. बंदुकीसाठीचं तेल मिळालं तर उत्तम. खोबरेल नको. आपल्याकडे सगळ्यालाच खोबरेल लावायची सवय, केसांपासून कुलपांपर्यंत. ते थंडीत थिजतं, खवट झालं की त्यात आम्ल तयार होतं, आणि चापाच्या आत गेलं तर धुळीशी मिसळून चिकटा धरतं. गाडीचं काढलेलं काळं तेल तर नकोच, त्यात जळालेल्या इंधनाचं आम्ल असतं. अळशीचं तेल कुंद्यासाठी ठीक. लोखंडावर ते वाळून वार्निश होतं.

बाहेरून हात लागतो तिथे तेलाच्या वर मेण. गाडीचं साधं पेस्ट मेण, ज्यात घासणारी पावडर नाही असं. बोटांचे डाग याने जवळजवळ बंद होतात. आमच्या दुनळीला २०११ पासून लावतो आहे.

पाचवी: राहिलेला गंज काढणं

केशरी ठिपके अजून असतील तर त्यांवर तेलाचा थेंब टाकून रात्रभर राहू द्या. सकाळी तांब्याचा किंवा काशाचा तुकडा घ्या. माझ्याकडे १९५७ सालचा नवा पैसा आहे, आणे-पै जाऊन दशमान पद्धत आल्यावरची पहिली नाणी ती. काशाचं नाणं पोलादापेक्षा मऊ असतं, त्याची कड तेलातून आडवी फिरवली की सैल झालेला गंज सुटतो आणि खालचा मुलामा बहुतांश राहतो. जोर लावायचा नाही, नाणं नळीला जवळजवळ सपाट धरायचं. तेल तपकिरी झालं की पुसायचं, नवा थेंब टाकायचा. एका वितीएवढ्या जागेला मला पाऊण तास लागतो. रेडिओ लावून बसतो.

सगळ्यात बारीक, चार शून्यांची लोखंडी लोकर तेलात भिजवून वापरली तरी चालते. भांड्यांची तारेची घासणी मात्र ती नव्हे.

आता घासण्याविषयी. एका गणपतीच्या आदल्या आठवड्यात गावातला एक तरुण आला, सोबत वडिलांची एकनळी. नळी तोंडापासून मागपर्यंत राखाडी, मधेमधे तांबूस ढग. म्हणाला, "काका, आमसुलाने घासली. देवाची समई कशी लख्ख निघते!" समई पितळेची रे बाबा. आमसूल, चिंच, लिंबू, व्हिनेगर, सगळ्यांतलं आम्ल गंज खातं हे खरं, पण काळा मुलामाही लोखंडाचा ऑक्साइडच. आम्लाला दोन्ही सारखेच. पंधरा मिनिटांत त्याने साठ वर्षांचा मुलामा धुऊन काढला होता, आणि वर पाण्याने धुऊन ओटीवर वाळत ठेवली होती. संध्याकाळपर्यंत उघड्या लोखंडावर नवा गंज चढला. राख, वाळू, पॉलिश पेपर यांची गत तीच. पेपरने तर कोरलेला नंबरही पुसट होतो, आणि ओळखीचा नंबर नसलेलं शस्त्र जवळ ठेवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमात बसत नाही. नंबराच्या आजूबाजूला तेल आणि मऊ फडकं याशिवाय काही नको.

बाजारात थंड ब्लूची बाटली मिळते, चोळलं की लोखंड काळं होतं. त्यातल्या बऱ्याच द्रावणांत सेलेनियमची विषारी संयुगं असतात. हातमोजे आणि उघडी हवा हवीच. स्क्रूच्या डोक्यापुरतं ते बरं. अख्ख्या नळीवर लावलं की ढगाळ, चट्ट्यांचा रंग येतो, वर्षात उडतो, आणि द्रावण नीट धुतलं नाही तर तेच नवा गंज आणतं. माझ्या मते पैसे वाया.

इथे थांबा, कारागिराकडे जा

नळीच्या आत, काडतुसाच्या जागी किंवा बिजागरीच्या हुकावर खड्डे दिसले तर बार काढणं आजपासून बंद. नळ्या बंद केल्यावर खुळखुळत असतील तरी तेच.

दोन नळ्यांमधल्या पट्टीला तांबडी रेघ असेल तर पाणी पट्टीखाली शिरलेलं असू शकतं. नळ्या सुट्ट्या करून, बोटावर लटकवून लाकडी दांडीने हलकेच ठोकल्या तर घंटेसारखा नाद यायला हवा. बद्द आवाज आला तर पट्टीची झाळ कुठेतरी सुटली आहे. ती घरी दुरुस्त होत नाही.

नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर घासू नका. ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेली जुनी नळी आहे, दमास्कसची म्हणतात ती. ती नक्षी हाच तिचा मुलामा. शिवाय अशा नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजची धूरविरहित काडतुसं तीत घालायची की नाही हे कारागिराने तपासल्याशिवाय ठरवू नका.

निकेलचं रिव्हॉल्व्हर सोलायला लागलं असेल तर त्यालाही हात लावू नका. निकेलखाली बहुतेकदा तांब्याचा थर असतो, आणि अमोनिया असलेली नळी साफ करायची द्रावणं सुटलेल्या कडेतून आत शिरून ते तांबं खातात.

पूर्ण नवा मुलामा हवाच असेल तर तो परवानाधारकाकडूनच. कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, ओळखीच्या लेथवाल्याकडे द्यायची वस्तू नव्हे ही. आणि दुनळी असेल तर देण्याआधी एक प्रश्न विचारा: "गरम टाकीत बुडवणार का?" हो म्हणाला तर बंदूक उचलून परत या. त्या टाकीत कॉस्टिक सोड्याचं द्रावण १४० अंशांच्या आसपास उकळत असतं. दोन नळ्या आणि पट्टी जोडलेल्या असतात शिसं-कथलाच्या झाळीने. इतक्या उष्णतेला झाळ वितळत नाही, पण कॉस्टिक तिला खातं, आणि फटीत शिरलेलं द्रावण नंतर कितीही उकळून निघत नाही. अशी एक दुनळी आमच्याकडे आली होती, दुसरीकडून मार्चमध्ये काळीभोर होऊन आलेली. श्रावणात पट्टीच्या कडेने पांढरी खारी फुटली आणि दिवाळीपर्यंत पट्टी नखाने उचलता येत होती.

दुनळीला हवी ती जुनी, संथ पद्धत: द्रावण लावून मुद्दाम बारीक गंज चढवायचा, नळी पाण्यात उकळून तो गंज काळा करायचा, तारेच्या मऊ ब्रशने झटकायचा, आणि हे पाच-सहा वेळा. आठवडा-दोन आठवडे जातात, पैसेही जास्त. मालकाला मी नेहमी विचारायचो की खरंच हवंय का, कारण जुन्या बंदुकीवरचा विरळ झालेला मूळ मुलामा जाणकाराला नव्यापेक्षा जास्त आवडतो. निम्मे लोक तेलाची बाटली घेऊन परत जायचे आणि मालक माझ्यावर चिडायचे.

नेताना मूळ परवाना सोबत ठेवा. स्वतः जाणार नसाल तर नेणाऱ्याजवळ तुमचं लेखी पत्र हवं. दुकानातून पावती घ्या, तीवर बंदुकीचा नंबर आणि तारीख लिहून घ्या, आणि परत आणताना नंबर पावतीशी ताडून मगच दुकानाची पायरी उतरा.